माझा रविवार विकायचा नाही

मी एक व्हॅन बोलतेय. पांढरी, मागच्या दाराला पोचा आलेली, लोगन शहरातल्या पेसामिनो नावाच्या रंगाऱ्याची. गेल्या महिन्यात माझ्या काचेवर 'विकणे आहे' असं लिहिलं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं. आता का पुसलं, तेही ऐकून जा.

आधी मी एका पाववाल्याकडे होते. तेव्हा अंगाला लोण्याचा वास यायचा, इथे टर्पेंटाइनचा. पेसामिनोने मला घेतलं तेव्हा तो घरं रंगवायची कामं घेणाऱ्या डॅरिलकडे नोकरीला होता. एका सोमवारी डॅरिल माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आजपासून तू कंत्राटदार! रंग तुझा, ब्रश तुझे, मालक तूच." दर मात्र जुनाच ठेवला.

पहिले पैसे आले आणि पेसामिनो फुलून गेला. पूर्वी हातात पडायचे त्याहून जास्त! बायकोने, लोसाने, विचारलं, "अरे, एवढे कसे?"

"मालक झालोय ना!"

कर आधी डॅरिल कापून भरायचा, आता कुणीच कापत नव्हतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग त्याचे थोरले काका वारले. ही माणसं सामोआ बेटांवरची; सामोअन घरात मयत झाली की सगळं गणगोत पैसे आणि भेटी द्यायला उभं राहतं. या खेपेला पेसामिनो हातातले जास्तीचे पैसे ओतून मान ताठ करून उभा राहिला. माझ्या पोटात बारीक विणीच्या चटया, डबाबंद मांसाची खोकी, आणि चर्चमध्ये गाणाऱ्या बायका त्यांच्या टोप्यांसकट. मी वाकले, पण कुरकुरले नाही.

वर्ष संपल्यावर लोसाची थोरली बहीण तुलिआ आली. लोकांचे कराचे कागद करून देणं हाच तिचा धंदा. घरात पाहुणे होते, म्हणून ती आणि पेसामिनो माझ्यात येऊन बसली. मला काय, कान आहेतच.

"खर्च सांग," तुलिआ म्हणाली.

"काकांची मयत."

"तो नाही चालत. पेट्रोल किती? शिडी कितीची?"

"ते काय मागायचं, ताई? माझ्या कामाला मी पेट्रोल टाकलं. त्यासाठी सरकारपुढे हात पसरू?"

"अरे शहाण्या, हात कसला पसरतोस! कामाचा खर्च मिळकतीतून वजा करायचा, उरेल त्यावर कर. हक्क आहे तुझा."

"म्हणजे ब्रश गेला तर खर्च, आणि माणूस गेला तर नाही? ज्याच्या घरी कुणी मरत नाही त्याने लिहिलाय का हा कायदा?"

तुलिआ हसली नाही. "कुणी का लिहिला असेना. पावत्या काढ."

माझ्या सीटखालून निघाल्या, काही च्युइंगगमला चिकटलेल्या. सगळं वजा करूनही कर डोईजड उरला. लोसाने डोळे पुसत काचेवर 'विकणे आहे' लिहिलं. मला विकून कर फिटला असता. पण मग शिडी काय बसमधून न्यायची?

रंगकाम चालू होतं त्या घरीच पेसामिनो दर वाढवून मागायला डॅरिलकडे गेला. मी फाटकापाशीच होते.

"दर कशाला वाढवू?" डॅरिल म्हणाला. "कागदावर व्हॅन सगळी कामाची म्हणून दाखव, कर कमी होईल. रविवारचं बघायला कोण येतंय?"

"रविवारी ती कामाची नसते. देवाची असते, आणि माझ्या माणसांची."

"मग जुनाच दर."

"मालक मीच ना? तूच म्हणालास. मग दर मी सांगणार." आणि सांगितला.

"त्याच्या निम्म्यात छप्पन्न रंगारी मिळतील!"

"मिळू देत. शिडी माझी आहे." भिंत अर्धी रंगवलेली तशीच सोडून त्याने शिडी माझ्या टपावर बांधली.

घरी लोसा त्याच्याशी बोलेना. तोही हटेना. आठवडा सरता सरता डॅरिलचा फोन आला, ये, तुझ्याच दराने. छप्पन्न जणांनी म्हणे याच्याहून जास्त मागितले होते!

तुलिआने कराचे हप्ते बांधून घेतले. कागदावर माझ्या खर्चाचा कामापुरता वाटा लिहिला, रविवार त्यातून वगळला. लोसाने स्वतः काच धुतली.

हप्ते चालू आहेत, मीही चालू आहे. माझी किंमत विचारत घुटमळू नका. घर रंगवायचं असेल तर खुशाल काच ठोठावा. दर पेसामिनो सांगेल आणि तो कमी होणार नाही. रविवारी मात्र येऊ नका. आत जागा नसते.