खळीचं वजन

करुणा आणि तिचा भासरा धर्मेंद्र बारा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. घरची रीतच तशी होती. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी भावसुनेनं थेट बोलायचं नाही, मधे कोणीतरी पाहिजे. तो मधला माणूस म्हणजे नीलेश, करुणाचा नवरा. दोघं एकाच ओसरीवर बसायचे, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकायचे, आणि तरी एक म्हणायचा, "सांग तिले," दुसरी म्हणायची, "सांगा त्यायले." बिचारा नीलेश दोन्हीकडे मान हलवत बसायचा. खरं भांडण होतं ते या रीतीच्या आडोशाला, आणि ते चांगलं मुरलेलं होतं.

घर भंडाऱ्यातल्या विणकरांच्या गल्लीत. सासरे लक्ष्मणराव जन्मभर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत आले, करवती किनारीच्या. किनारीचा आणि पदराचा नकाशा ते चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढायचे, एक चौकट म्हणजे एक धागा. करुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला कांड्या भरायला बसवलं, म्हणजे दिवसभर चरख्यापुढे बसून सूत गुंडाळायचं. तीन वर्षं तिनं मुकाट्यानं गुंडाळलं. मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, नकाशे अडले, आणि तिनं एक नकाशा नीलेशच्या जुन्या कॉम्प्युटरवर काढून दाखवला. तेव्हापासून नकाशे तिचे. आज गल्लीतल्या नऊ मागांवर तिचे पदर विणले जातात, आणि ते काही जणांच्या डोळ्यांत खुपतं. कोणाच्या ते सांगायला पाहिजे का?

त्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं तिला सहा नव्या पदरांचं काम सांगितलं. पण नुसता नकाशा त्याला नको होता. साडी विणायच्या आधीच ती बाईच्या अंगावर नेसवलेली, निऱ्या पडलेली, उजेडात चमकणारी अशी पडद्यावर दिसली पाहिजे. वीस मार्चच्या आत. जमलं तर वर्षभराचं काम तिचं, नाही जमलं तर नागपुरात असले नकाशे काढणारे ढिगानं पडलेत. आणि इकडे घरचा कॉम्प्युटर! एक निरी पाडायला सकाळची दुपार करायचा, आणि दुपारी पडदा काळा करून मोकळा व्हायचा.

करुणानं यादी लिहिली. पंधरा दिवस फोनवर वाचून, चार ठिकाणी विचारून, चौकटीच्या कागदाच्या पाठीवर एकेक गोष्ट. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी किती, पडदा खरे रंग दाखवणारा. सगळ्यात खाली लिहिलं, लाइट नको.

"यादी धर्मेंद्रले दे," लक्ष्मणराव म्हणाले. "घरचं दुकान असताना बाहेर कायले जाता? लोक तोंडात शेण घालतीन."

धर्मेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तो आला, ओसरीवर पाय पसरून बसला, यादी वाचली आणि हसला. ते हसणं करुणाला अगदी पाठ होतं.

"नीलेश, सांग तिले, साड्या काढाले रॉकेट नाही लागत. चौसष्ट जीबी रॅम! अबे, अख्ख्या भंडाऱ्यात नसन कोणापाशी. अन् हे का, खरे रंग दाखवणारा पडदा? बाकीचे का खोटे दाखवतेत?"

"सांगा त्यायले," करुणा दारातून म्हणाली, "मागच्या साली पडद्यावर डाळिंबी दिसला अन् विणल्यावर वांगी निघाला. चार साड्या अंगावर आल्या. अन् साडी नेसवाची त् कार्डच राबते, म्हणून कार्डाची मेमरी सोळा लिहिली."

"हे फोनवर पाहून मले शिकवून राहिली! वीस वर्षं झाले मले ह्या धंद्यात. सांग तिले, गेमिंगचं मशीन आणून देतो, साडीच काय, लुगडं बी नेसवन. अन् तरी नाही जमलं त् गुमान कांड्या भराव म्हणा. हात बसला आहेच."

करुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांपूर्वीचा तो चरखा मागच्या खोलीत अजून होता, कोणी मोडीत घातला नव्हता. तिला एकदम कळलं की या माणसाला ती वीस तारीख चुकायलाच हवी आहे. तारीख चुकली, व्यापारी गेला, की हिला परत चरख्यापुढे बसवायला कोणाला तोंड उघडावंही लागणार नाही. आत जाऊन तिनं भाताचं भांडं इतक्या जोरात आदळलं की सासू शेवंताबाई देवघरातून उठून आल्या.

तिसऱ्या दिवशी ऑटोत घालून मशीन आलं. माय वो, काय तो थाट! दोन्ही बाजूंना काच, आत लाल-निळे-जांभळे लाइट, तीन पंखे गरगर फिरतात. गल्लीतली माणसं लग्नघरासारखी जमली. करुणानं यादी काढून एकेक विचारायला सुरुवात केली, तर धर्मेंद्र लाइटचे रंग बदलून दाखवायला लागला. तेवढ्यात लक्ष्मणराव पुढं झाले, वाकले, आणि दोन्ही हातांनी तो डबा उचलून पाहिला.

"वजन आहे बाप्पा!" ते म्हणाले. "माल दमदार आहे. ठेवून घ्या."

आता बोला! आणि हे कोण म्हणतंय? ज्या माणसानं जन्मात कधी वजनावर विश्वास ठेवला नाही, तो! कोशाचं सूत विकणारे लबाड लोक लडीला खळ चढवतात, म्हणजे पिठाची पेज पाजून वाळवतात, लडी जड होते आणि घेणारा खळीचे पैसे मोजतो. म्हणून या घराची रीत होती की सूत आलं की विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एक लडी धुवायची, वाळवायची आणि परत तोलायची. हलकी भरली की ती लडी ओसरीच्या खिळ्याला टांगायची. ज्यानं आणली त्यानंच येऊन ती काढायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तोवर येणारा-जाणारा विचारणार, ही कोणाची, आणि घरातला जो असेल तो नाव सांगणार. एका सूतवाल्याची लडी दोन वर्षं लटकत होती, शेवटी तो मान खाली घालून आला. सुतात कधी न फसलेला म्हातारा डब्यात फसला, कारण डबा पोटच्या पोरानं आणला होता.

करुणानं पदर खोचला. "मामाजी," ती म्हणाली, "धुवून घ्याचं का?"

"का धुवाचं? मशीन?"

"माह्या कामात धुवाचं. सहातला एक पदर लावते, साडी नेसवते. अर्धा घंटा चालू द्या. चालला त् माह्या यादीचा कागद मीच चुलीत घालते."

धर्मेंद्रनं नीलेशकडे पाहिलं. "सांग तिले, आत्ता सेटिंग व्हाचं आहे. दोन दिवस थांब म्हणा."

"लडी दोन दिवस नाही थांबत," लक्ष्मणराव पुटपुटले. रीतीचं नाव निघालं की म्हाताऱ्याला मागे सरता येत नसे. "लाव पोरी."

ओसरीवरच टेबल मांडलं. करुणानं पेनड्राइव्ह लावला. पदर उघडला, मोठा केला, छोटा केला, सगळं झटपट. धर्मेंद्रनं मिशीवरून हात फिरवला. मग तिनं साडी नेसवायला लावली. पंखे ओरडायला लागले. खांद्यावरून पदर उतरला, पहिली निरी पडली, दुसरी पडली, आणि धप्प! लाइट गेले, पंखे थांबले, पडदा काळा.

"व्होल्टेज," धर्मेंद्र म्हणाला.

शेजारच्या शकुंतलाबाईंचा टीव्ही खिडकीतून मोठमोठ्यानं बोलत होता. त्याचं व्होल्टेज कुठं गेलं नव्हतं. करुणानं परत लावलं. या वेळी एकच निरी पडली आणि परत धप्प.

"फाइल खराब आहे. सांग तिले, असल्या फालतू फायली लावल्या त् कोणतंही मशीन बसन."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा डब्याच्या मागून जळका वास आला, आणि शेवंताबाई नाकाला पदर लावून मागे सरकल्या. गल्लीतलं कोणीतरी हसलं. धर्मेंद्र उठून प्लग काढायला वाकला, ऑटोवाल्याला हाक मारायला लागला, डबा उचलायला लागला, आणि तेव्हा ते घडलं.

"भाऊजी," करुणा म्हणाली, थेट त्याच्याकडे पाहून. "पेचकस द्या."

नीलेशनं सवयीनं भावाकडे मान वळवली होती, ती तशीच राहिली. धर्मेंद्रच्या खिशातून पेचकस मात्र निघाला. तो तिनं नीलेशला दिला. नीलेशनं स्क्रू काढून मागच्या कोपऱ्यातला, वीज पुरवणारा लोखंडी डबा सोडवला. त्यावर मोठ्या अक्षरात साडेसातशे वॉट लिहिलं होतं. त्याचं झाकण उघडलं. आत बोटाएवढी दोन-चार सामानं, थोड्या तारा, आणि तळाला गोंदानं चिकटवलेली एक जाड लोखंडी पट्टी. कोणत्याच तारेला न जोडलेली.

लक्ष्मणरावांनी ती बोटानं ठोकून पाहिली. "हे कायले असते?"

धर्मेंद्र ऑटोकडे बघायला लागला.

"वजनाले," करुणा म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता. वरून कीर्तन, आतून तमाशा. धर्मेंद्र बोलत सुटला, डबा कंपनीतूनच बंद येते, मले का माहीत आत का भरलं आहे, मी का एकेक डबा खोलून पाहू?

"सूतवाला बी हेच म्हणे," लक्ष्मणराव म्हणाले. "मले का माहीत म्हणे. दुकानदाराले माहीत नाही, त् तो दुकानदार कायचा?" त्यांनी पट्टी उपटून काढली, गोंदाचे धागे लोंबत होते. कोशाची एक दोरी घेतली, पट्टीला गाठ मारली, स्टुलावर चढले. करुणा स्टूल धरायला गेली, तर त्यांनी तिला हातानंच बाजूला केलं.

"अवो, पोटचा पोरगा आहे!" शेवंताबाई ओरडल्या.

"सूतवाला बी कोणाच्या तरी पोटचाच होता," म्हातारा म्हणाला आणि पट्टी खिळ्याला टांगली.

धर्मेंद्रनं मशीन ऑटोत कोंबलं. "ह्या ओसरीवर परत पाय ठेवन त् नाव नाही सांगणार," असं म्हणून तो गेला. जाताना त्यानं करुणाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तिनं तशीच परत केली.

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मणराव यादी घेऊन नीलेशबरोबर नागपूरला गेले. तिथल्या दुकानदाराला ते म्हणाले, "पहिले धुवून दाखव." त्या माणसाला काही कळेना, तेव्हा नीलेशनं पेनड्राइव्ह पुढं केला. दुकानात अर्धा तास साडी नेसवली गेली, म्हातारा स्टुलावर बसून निऱ्या मोजत राहिला. काळं, बिनलाइटचं, दिसायला अगदीच गरीब असं मशीन घरी आलं. करुणानं पहिल्यांदा काय केलं, तर डाळिंबी कोशाची लडी दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरली. पडद्यावरही डाळिंबीच होता. एकोणीस मार्चला सहाही साड्या नेसवून झाल्या आणि वीसच्या सकाळी व्यापाऱ्याचा होकार आला. त्या दिवशी तिनं चरखा उचलून मोडीवाल्याला दिला, कोणाला न विचारता.

पट्टी लटकत राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, ही कोणाची? शेवंताबाई तोंड फिरवून आत जायच्या. लक्ष्मणराव नाव सांगायचे, पोराचं पूर्ण नाव, पडलेल्या आवाजात. करुणाला वाटलं होतं आपल्याला मजा येईल. मजा आली, चार दिवस. नंतर म्हाताऱ्याचा तो आवाज ऐकवेना, पण राग मात्र तिळभरही कमी झाला नाही.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. पितरांच्या नावानं घागर भरायची, आणि ती थोरल्या पोरानं भरायची. सकाळीच धर्मेंद्र पांढरा सदरा घालून आला आणि ओसरीच्या पायरीवरच थांबला. खिळा बरोबर दाराच्या वर होता. आसगावचे पाहुणे घंटाभरात पोचणार होते, सगळं गोत. लक्ष्मणराव पाटावर बसून होते. त्यांनी पोराकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. शेवंताबाई पुरणाचा हात तसाच घेऊन करुणाकडे बघत राहिल्या. डोळ्यांनी विनवत होत्या, काढ वो, एवढं काढ.

करुणा नव्या मशीनपुढून उठून दारात आली होती. नीलेश दोघांच्या मधे होता.

धर्मेंद्रनं घसा साफ केला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे पाहून बोलला. "करुणा," तो म्हणाला, "थे काढून टाक. पावणे येऊन राहिले."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे वळली.

"सांगा त्यायले," ती म्हणाली, "ज्यानं आणली, त्यानं काढाव."

नीलेशनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग भावाकडे वळला आणि जसंच्या तसं सांगितलं. आणि कोणी न सांगता आतून स्टूल आणून पायरीशी ठेवलं.