डोक्यावर १२.९

मित्रांनो, मी एक पोलादी बोल्ट आहे, आणि मला मोडणारा या जगात अजून जन्माला आलेला नाही. उंची विचाराल, तर तुमच्या करंगळीएवढी.

माझ्या डोक्यावर १२.९ कोरलेलं आहे. पहिला आकडा सांगतो, तुटेपर्यंत मी किती ओढ सोसतो. दुसरा सांगतो, त्या ओढीचे दहापैकी नऊ हिस्से बसले तरी मी कायमचा ताणला जात नाही. आकडे मोठे, तसा माझा ताठाही मोठा.

मला स्फाक्स शहराच्या बाजारातून सी तिजानींनी, म्हणजे आमच्या तिजानीशेठनी, आणलं. गावात त्यांचा ऑलिव्हचा घाणा. फळं पुढे ढकलणाऱ्या दांड्यावर ४.६ चा एक मऊ बोल्ट असे. तो यंदाच्या हंगामात पाचव्यांदा मोडला. मिस्त्री उस्ता बशीर स्वतःची ऑलिव्हची झाडं झोडायला गेलेले. दारात खाला मब्रूका, साऱ्या गावाची मावशी, ऑलिव्हची अकरा पोती घेऊन बसलेली. तिच्या घरचं वर्षाचं तेल त्यात होतं.

"तिजानी, माझा नंबर लागेपर्यंत फळांना बुरशीची दाढी येईल!"

"खाला, आता असा बोल्ट घालतो, की तुझे नातू म्हातारे होतील, पण हा मोडायचा नाही."

मोडलो नाहीच. तिच्या तिसऱ्या पोत्यातून दगड आला, दांडा अडकला, मोटर कण्हली. मी छाती काढून उभा. मग आत कडाड् झालं आणि गिअरचे पाच दात गेले.

संध्याकाळी बशीरनी मला उपसून काढलं. "हा कुठल्या शहाण्याने घातला?"

"सगळ्यात मोठा आकडा होता," तिजानी पुटपुटले.

"अहो, तिथला बोल्ट मोडण्यासाठीच असतो! तो मोडतो म्हणून गिअर वाचतो. दगड काढायचा, पाच मिनिटांत दुसरा घालायचा."

गिअर तीन दिवसांनी आला. तोवर पोती आतून तापून आंबली होती. मब्रूकाने नव्या तेलात भाकरी बुडवून चाखली.

"साबणाला झकास आहे."

तिजानींनी आपल्या घरच्या तेलाचे चार डबे तिच्या गाढवगाडीत चढवले. "घे, पण ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतेय? आणखी एक चढव."

म्हणून सांगतो मित्रांनो, बोल्ट बदलताना जुन्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा आणि तोच मागा. भार पेलायच्या जागी कमी आकडा घात करतो, मोडायच्या जागी जास्त.

हल्ली मी घाण्यामागच्या संडासाच्या दाराची कडी आहे. मी भक्कम आहे, दार नाही. तेवढं ढकलण्याआधी एकदा खोकत जा.