दोन वर्षांची चिठ्ठी

सभेत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण ते मुलांपुढं. मोठ्या माणसांना काही सांगायचा मला काय अधिकार, असं वाटतंच. तरी त्या संध्याकाळी मी उभा राहिलो. जळकोटच्या आमच्या वाचनालयाचं पुन्हा तेच होऊ नये, एवढंच मनात होतं.

दर पाच वर्षांनी गावात निवडणूक होते आणि मागोमाग वाचनालयाची सगळी समिती एकदम बदलते. मग काही महिने कुलूप. मागच्या खेपेला तर आत मंडपाच्या कनाती रचून ठेवल्या होत्या. सत्यभामाबाईंनी सुरू केलेली बायकांची दुपारची वेळ तेव्हाच बंद पडली. यंदा त्या समितीवर आल्या आणि ती पुन्हा सुरू झाली.

"लोकसभा पाच वर्षांची असते, कधी त्याआधीच बरखास्त होते," मी म्हणालो. "राज्यसभा मात्र बरखास्त होतच नाही. सदस्य सहा वर्षांसाठी असतो आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. तेवढ्याच जागा नव्यानं भरतात. आपणही तसं करावं."

"तिथं मत कोण देतं?" शिवकुमारनं विचारलं. त्याचं खताचं दुकान आहे आणि त्याच्या प्रश्नांना मी घाबरतो.

"बहुतेकांना आमदार निवडतात. थोड्यांना राष्ट्रपती नेमतात."

"म्हंजे आपल्याला कुणी विचारतच न्हाय!"

"लोकसभेला विचारतात की," अध्यक्ष दादामियाँ म्हणाले. "एकीनं कायदा करायची घाई केली, तर दुसरी म्हणते, जरा ठैरो. बरोबर ना, मास्तर?"

मी मान हलवली. मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

समितीवर आम्ही नऊजण, सगळे एकदमच आलेले. मग आधी कुणी जायचं? राज्यसभा नवी होती तेव्हाही हाच प्रश्न पडला होता आणि चिठ्ठ्या टाकून सुटला होता, हे मी सांगितलं. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात नऊ चिठ्ठ्या पडल्या. तिघांना दोन वर्षं, तिघांना चार, तिघांना सहा.

माझी चिठ्ठी निघाली दोनची. वाचनालयाची किल्ली माझ्याकडं असते. रोज सकाळी ते दार उघडण्यापलीकडं मला आता दुसरं काम नाही.

सत्यभामाबाईंचीही दोनचीच निघाली. त्यांनी ती घडी करून टेबलावर ठेवली.

"मग आताच सोडते. आमची दुपार एकदा बंद पडताना बघितली, बास झालं." आणि त्या चपला शोधू लागल्या.

निवृत्त झालेला सदस्य पुन्हा निवडून येऊ शकतो, हे सांगायचं भीतीच्या भरात राहूनच गेलं होतं. आता हातात दोनची चिठ्ठी धरून ते सांगायचं म्हणजे लोक काय म्हणतील? पण बाई दारापर्यंत गेल्या होत्या.

"पुन्हा उभं राहता येतं," मी म्हणालो. आवाज फाटलाच. "राज्यसभेत तसंच आहे. कितीही वेळा."

"बघा!" शिवकुमार हसला. "सवताची चिठ्ठी निघाल्यावर बरं आठवलं मास्तरांना!"

सगळे हसले. माझे कान तापले. "मग माझं नाव त्यात धरू नका. बाईंपुरताच नियम करा."

"असं कसं?" दादामियाँ म्हणाले. "माणूस बघून केला तर तो नियम कसला? उभं सगळ्यांनी राहायचं. पाडायचं का न्हाय ते वाचनालयाचे मेंबर बघतील. शिवकुमार, तूबी हसून घे, तुझी पाळी चार वर्सांनी हाय."

सत्यभामाबाई उंबऱ्यातून वळल्या. "मत मेंबरच देणार ना? दुपारी येणाऱ्या बायकांनाबी मेंबर होता येतं?"

"येतं की," दादामियाँ म्हणाले.

"मग समद्यांना मेंबर करायला दोन वर्सं लई झाली." त्या परत येऊन बसल्या.

सभा संपली. मी कुलूप लावत होतो, तोवर त्या पायरीवर थांबल्या.

"मास्तर, पहिलं मत तुमचंच मागते. द्याल न्हवं?"

"देईन."

मी किल्ली खिशात टाकली.

"मागा की तुमीबी," त्या म्हणाल्या.

आयुष्यात मी कुणाकडं मत मागितलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या. मग मागितलं.