उकंडरावांचे थांबे

पोटरीतल्या गोळ्यानं उकंडरावांचा फायदाच व्हायचा होता. साखरा गावच्या गल्लीत चार घरं चालले, की पोटरी अशी आवळायची की पुढचं पाऊल उचलेना. मग समोर येईल त्या दारात ते थांबायचे. थांबलोच आहोत तर म्हातारीची खुशाली, म्हशीचं दूध, लेकीचं सासर, सगळं विचारून घ्यायचे. कळ ओसरली की पुढं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर, आणि गाव म्हणायला लागलं, "असा मायाळू उमेदवार पाहिला न्हाई बाप्पा!"

ते ऐकून विरोधातला भिवाजीही दारोदार थांबू लागला. पण धडधाकट पायांच्या माणसाला दुसऱ्याच्या दारात करमत नाही, आणि लोकांना ते दिसतं.

खरं ठाऊक होतं बायकोला, शकुबाईला. तेल चोळून चोळून थकली, तेव्हा तिनं नवऱ्याला हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं पावलांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. सापडेना.

"पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्यात. पायाच्या चोंदल्या तर काळजाच्याही चोंदलेल्या असायची भीती असते. नांदेडला जाऊन छातीची तपासणी करा. आणि बिडी आजपासून बंद."

बाहेर येताच उकंडरावांनी बिडी शिलगावली. "पाय दुखून राहिला, अन् हा छातीचं सांगून राहिला! उद्या कान दुखला तर गुडघा तपासंल."

"पर जाऊ की एकडाव नांदेडला."

"मतदान होऊ दे. अन् गावात बोलू नको. भिवाजी बोंब मारंल, बसका बैल इकायला आणला म्हणून."

सदस्याची बायको व्हायची हौस शकुबाईलाही होतीच. पोरानं, सोमेश्वरनं, विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नस चढली म्हणला डॉक्टर."

म्हणाली खरी, पण तेव्हापासून तिला जागेवर बसवेना. भाकर तव्यावर टाकायची आणि दारात येऊन गल्लीत बघायची. चार घरांनी थांबणारा नवरा आता दोन घरांनीच थांबत होता. लोकांना वाटे, माया वाढली.

उकंडराव निवडून आले. मिरवणूक निघाली. आता थांबू कोण देतो? पुढं हलगी, मागून रेटा. शकुबाई गर्दीत घुसली.

"अरे, त्यांला बसू द्या!"

"काकू, आता काय बसायचं ते पंचायतीत!" पोरं हसली.

उकंडरावांनी आधी पोटरी धरली, मग छाती. सोमेश्वरनं जीप पळवली, पण हिंगोली येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर तेच. त्यांनी शकुबाईला ओळखलं. "नांदेडला गेलाच नाहीत? मी तुमच्यासमोरच सांगितलं होतं ना?"

सोमेश्वरनं आईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला.

पुढं भिवाजीनं मोठ्या मनानं वाट सोडली आणि रिकाम्या जागेवर शकुबाई बिनविरोध आली. म्हणजे जागा घरातच राहिली, भिवाजीला चांगुलपणा फुकटात पडला. किंमत भरली दोघांनी. उकंडरावांनी जीव. आणि शकुबाईनं लेकाचं आपल्याशी बोलणं. तो ताट पुढ्यात घेतो, जेवतो, आणि उठून जातो.