गादीखालचा आवाज

मी एक जुनी खाट आहे, पण रात्री झोपायची नव्हे. माझ्या पोटात दोन मोठे स्पीकर आहेत. हसू नका मित्रांनो. माणसांच्या पोटात काय काय असतं ते मी रोज ऐकते. त्यापेक्षा स्पीकर बरे.

सुतारदादांनी मला घडवलं तेव्हा माझी वरची फळी रंधा मारमारून पातळ केली. खालच्या पट्टीतला आवाज माझ्या पोटात घुमावा, फळी थरथरावी आणि ती थरथर वर निजलेल्या माणसाच्या हाडांपर्यंत पोहोचावी, एवढंच माझं काम. ज्यांच्या अंगात दुखणं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलंय, अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना बरं करणं माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत. पण घटकाभर दुखणं जरा मागे सरकायचं आणि उठताना माणूस "हुश्श" म्हणायचा. त्या एका हुश्शवर मी खूश असायची.

उपचार करणाऱ्या ताईंच्या खोलीत, खिडकीपाशी माझी जागा. तिथेच शिवणमावशी आल्या. जन्मभर पायानं शिलाई मशीन चालवून त्यांची कंबर कामातून गेली होती. सूनबाई त्यांना धरून आणायची. पहिल्या दिवशी ताईंनी आवाज सुरू केला आणि मावशी चक्क घोरायला लागल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, "अगं, ही तर माझ्या मशीनसारखीच बोलते. फक्त काम सांगत नाही."

त्यानंतर माझ्यावरून उठून घरी गेल्या की संध्याकाळपर्यंत त्यांना मशीनवर बसता यायचं. त्यांना दुसरं काही नकोच होतं. मशीनवर बसल्या की त्यांना वाटायचं, आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत.

आणि इथेच माशी शिंकली. मावशींच्या मनात आलं, आपल्याला एवढा गुण आला, तर या खाटेसाठी काहीतरी करावं. बिचारी उघडी फळी, लोकांना टोचत असेल. त्यांनी घरातले कापडाचे तुकडे जमवले आणि सैल झालेली कंबर पुन्हा कामाला लावून माझ्या मापाची जाडजूड गादी शिवली. कडेनं निळा गोट, चारी कोपऱ्यांना बंद.

ताईंनी गादी दाबून पाहिली. माझ्यावर पातळ चादरीशिवाय काही घालायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण मावशींचा चेहरा असा काही फुलला होता की त्या म्हणाल्या, "किती सुरेख शिवलीत हो." मावशी गेल्यावर स्वतःशीच पुटपुटल्या, "राहू दे चार दिवस. त्यांना बरं वाटेल."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. ते चार दिवस कधी सरले, कुणाला कळलं नाही. येणारा जाणारा गादीचं कौतुक करायचा. ताईही विसरून गेल्या. माझा आवाज कानाला जात होता, अंगाला जात नव्हता. सगळी थरथर ते तुकडे गिळून टाकत होते. ज्यांचं दुखणं थोडकं, त्यांचं मऊपणावर भागलं. मावशींचं भागेना. त्यांची कंबर पुन्हा धरली. ताईंनी आवाज वाढवला. मी जीव तोडून घुमले. खिडकीची काच थरथरली, पण मावशींपर्यंत काही पोहोचलं नाही.

एकदा गादी धुऊन वाळत घातली होती आणि नेमक्या मावशी आल्या. माझ्या काठावर टेकल्यासुद्धा. मला वाटलं, आज सुटलो आपण. तेवढ्यात ताई लगबगीनं आल्या. "थांबा हो मावशी. सगळ्यांची सोय केलीत आणि तुम्हीच फळीवर निजणार? वाळलीच असेल, आणते." मी काय करणार? आवाज माझ्या पोटात, पण बटण दुसऱ्याच्या हातात.

शेवटच्या दिवशी सूनबाई दमून म्हणाली, "आई, तपासण्यांत तर काही निघत नाही. आता मनातून काढून टाका ना."

"मनात असतं तर मीच उसवून काढलं असतं गं," मावशी म्हणाल्या.

ताई खाली बघत म्हणाल्या, "काहींच्या अंगाला सवय होते, मग गुण येत नाही. आपण थांबूया आता."

मावशींनी वाद घातला नाही. मशीन शेजारणीच्या लेकीला देऊन टाकते, एवढंच म्हणाल्या. मग गादीवरून हात फिरवला, निळा गोट नखानं चाचपला. "माझ्या कंबरेचं जाऊ दे. गादी मात्र छान टिकलीय."

त्या पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, मी अजून खिडकीपाशीच आहे आणि रोज त्या गादीखाली घुमते आहे. तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याच्या मनात शिरण्याआधी एकदा गादी उचलून बघा. तुम्हाला हात आहेत.