कडेचा तुकडा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला डबा म्हणायचं नाही. मी एक जुना गोल ओव्हन आहे. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, झाकणाच्या मधोमध चानकीएवढी, म्हणजे लेकराच्या छोट्या भाकरीएवढी, गोल काच, पोटात तारेचं वेटोळं. मला ना बटणं, ना घड्याळ, ना ती टिंग करणारी घंटी. वायर खोचली की मी तापतो, काढली की निवतो. आजकालच्या ओव्हनसारखे नखरे आपल्याला जमत नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कोणीतरी पत्रा ठोकून ठोकून वाकवत होतं, एवढंच ध्यानात आहे. मला खरी समज आली ती लातूरला, गंजगोलाईतल्या एका भांड्यांच्या दुकानात. कुकरांच्या रांगेत मी बसून असायचो. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मला टिचकी मारायचं आणि पुढं जायचं. एक दिवस डाळमिलमध्ये मशिनी दुरुस्त करणारे गुरुपादप्पा आले. शर्टावर तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी तशीच होती. त्यांनी टिचकी मारली नाही. वाकून काचेतून आत बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "ह्यातून केक फुगताना दिसतो काय हो?"

"दिसतो की!"

"मग द्या बांधून. आमच्या घरची बाई लई दिवसांपासून केक केक करून राहिली."

ही बाई म्हणजे त्यांची बायको दानम्मा. मला बघून ती मनातून हरखली होती, पण तोंडावर दाखवेल तर शपथ! "घरात पाय ठेवायला जागा न्हाई अन् हे काय उचलून आणलं?" म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याची घागर हलवून तिनं मला ओट्यावर खिडकीजवळ जागा दिली.

काय दिवस होते ते! त्या घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून दानम्मा दही घालून केक करायची. नानकटाई करायची, खारी शंकरपाळी भाजायची. गल्लीतल्या लेकरांचे वाढदिवस माझ्याशिवाय होत नसत. वास सुटला की पोरं दारात गोळा व्हायची आणि माझी छाती फुगायची. केकाच्या आधी मीच फुगायचो म्हणा ना.

गुरुपादप्पांचं मात्र वेगळंच. मी तापलो की ते स्टूल ओढून माझ्यापुढं बसायचे आणि काचेतून टक लावून बघायचे. त्यांच्यानं धीर धरवत नसे. दानम्माची पाठ वळली की झाकण उचललंच! मग केक मधोमध बसायचा आणि दानम्मा फणकारायची, "तुमच्या हाताला काय खाज सुटती का हो?" ते हसायचे आणि केकच्या कडेचा, जरा करपलेला तुकडा मागून घ्यायचे. "खरी चव कडेला हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कडेचा तुकडा कायम त्यांचाच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

पुढं त्यांना साखरेचा आजार लागला. डॉक्टरांनी गोड बंद केलं. एका संध्याकाळी दानम्मानं शेजारच्या लेकरासाठी केक केला होता. गुरुपादप्पा खाटेवरून हळूच म्हणाले, "दानम्मा, कडेचा एवढासा दे की."

"न्हाई म्हंजे न्हाई."

त्यांनी पुन्हा मागितलं नाही. दानम्मानं त्यांच्या भल्यासाठीच नाही म्हटलं होतं, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. पण त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दानम्माच्या मनात तेवढं एकच बसलं. "जाणाऱ्या माणसानं घासभर मागितलं अन् मी दिलं न्हाई. आता माझ्या तोंडात गोड कसं जाईल?" म्हणाली आणि तिनं गोड सोडलं. मला एका जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

मित्रांनो, माळा कसा असतो ते खाली राहणाऱ्यांना कळायचं नाही. तिथं अंधार असतो, धूळ असते, फुटकी बादली असते आणि आपल्या अंगावरून बिनधास्त फिरणारी पाल असते. मला राग आला होता. मी काय केलं होतं? पण दानम्माचा आवाज खालून आला की राग विरघळायचा. तो आवाज पूर्वीचा राहिला नव्हता.

मग घरात पुनम आली. दानम्माचा मुलगा शिवशंकर, त्याची ही बायको. नांदेडकडच्या लोहा गावची पोरगी, बोलायला एकदम फटकळ, मनानं मऊ. सणाला ती पुरणाची पोळी करायची आणि सासूच्या ताटात वाढायची. दानम्मा पोळी बाजूला सारायची आणि भाकरीच कुस्करून खायची. "आत्याबाई, एक घास," पुनम म्हणायची. "तुम्ही खावा गं," एवढंच उत्तर. पुनम सैपाकघरात येऊन मुसमुसायची, ते मी वरून ऐकत होतो. सासूनं आपल्या हातचं एकदा तरी गोड खावं, एवढीच त्या पोरीची इच्छा होती. सणामागून सण गेले, पण ती काही पुरी होईना.

यंदा पुनमला दिवस गेले. मग डोहाळे सुरू झाले. कधी चिंच, कधी भाजलेलं कणीस. जांभळं बाजारात आली आणि तिनं मोबाइलवर काहीतरी बघितलं.

"आत्याबाई, मला चीजकेक खाऊ वाटून राहिलं. खाली बिस्किटाचा थर, वर जांभळाच्या रसाची नक्षी अन् अशा वड्या पाडायच्या. माळ्यावरचा ओव्हन काढू का?"

 माळ्यावर लुगड्याच्या आत मी कान टवकारले.

"न्हाई," दानम्मा म्हणाली. "त्याला हात लावायचा न्हाई."

"मला न्हाई हो पाहिजे. आतल्याला पाहिजे. त्यानं मागितलंय." पुनमनं बहुधा पोटावर हात ठेवला असावा.

डोहाळा मोडला तर बाळाचा कान फुटतो असं आमच्याकडं म्हणतात. पण दानम्माला कानाची भीती वाटली नसावी. घरातल्या कोणीतरी घासभर काही मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे तिच्याच्यानं दुसऱ्यांदा होणार नव्हतं. ओट्यावर खिडकीजवळची घागर सरकवल्याचं मला ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, "शिवा, शिडी लाव बाबा."

अहाहा! खाली आलो तेव्हा उजेडानं माझी काच चमकून गेली. दानम्मानं राखेनं घासून मला लख्ख केलं. शिवशंकरनं नवी वायर बसवली. मी तापून बघितलं. तापत होतो!

चीजकेकला लागतं ते चीज काही आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. म्हणून पुनमनं आदल्या दिवशीच दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं होतं. सकाळी जांभळाचा गर आटवून ठेवला आणि पाय भरून आले म्हणून ती जरा आडवी झाली. आणि इथंच घोटाळा झाला.

दानम्मा सैपाकघरात आली. तिच्या लेखी केक म्हणजे मैदा. खुंटीला फडकं लटकलेलं, त्यात घट्ट चक्का. आमच्याकडं चक्का दिसला की दुसरं काय सुचणार? "पोरगी श्रीखंडही करून राहिली वाटतं. अवघडलेली पोर, पुरणयंत्र फिरवून हात गळून जातील तिचे," असं पुटपुटत ती कामाला लागली. चक्का यंत्रातून काढला, साखर घातली, वेलदोडा कुटून घातला, फेटला. आणि श्रीखंड करणारी कुठलीही बाई शेवटी जे करते तेच तिच्या हातानं केलं. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

तिथंच थिजली बिचारी. बोट तोंडातच. तेवढ्यात पुनम उठून आली.

"आत्याबाई! ते चीजकेकचं होतं!"

दानम्माचं तिकडं लक्षच नव्हतं. "अगं बाई," तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, "मी गोड खाल्लं गं. माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं."

पुनम क्षणभर गांगरली. मग तिनं सासूचा हात धरला आणि हळूच विचारलं, "कसं लागलं?"

दानम्मानं पदरानं नाक पुसलं. पुन्हा जीभ ओठांवरून फिरवली. आणि खरी सुगरण बोलली, "साखर कमी हाय."

दोघी हसल्या. रडत रडत हसल्या. मलाही काहीतरी झालं, पण तुमच्यासारखं रडणं आमच्या नशिबी कुठं?

मग त्याच श्रीखंडाचा चीजकेक झाला. पुनमनं त्यात चमचाभर मक्याचं पीठ मिसळलं. तिचा चौकोनी डबा माझ्या पोटात मावेना, म्हणून दानम्मानं आपली जुनी गोल थाळी काढली. खाली बिस्किटाचा लोण्यात मळलेला चुरा, वर पांढरा थर, त्यावर जांभळाचे थेंब. पुनमनं काडीनं त्यांची नागमोडी वेलबुट्टी ओढली. मी मंद तापलो. जळू द्यायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत होतो.

दानम्मा स्टूल ओढून माझ्यापुढं बसली. त्याच स्टुलावर. काचेतून बघता बघता तिचा हात झाकणाकडं आला.

"आत्याबाई, हात!" पुनम ओरडली.

दानम्मानं हात मागं घेतला आणि स्वतःशीच हसली. "मी उगीच बोलत होते गं त्यांना. खरंच न्हाई धीर निघत."

थाळी निवली, फ्रीजमध्ये गार झाली. दुसऱ्या दिवशी पुनमनं शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या आणि मधली, सगळ्यात सुंदर नक्षीची वडी सासूपुढं धरली. मी काच पुसून बघत होतो म्हणा. दानम्मानं ती वडी घेतली आणि पुनमलाच भरवली. "ज्यानं मागितलं त्याला आधी."

मग तिनं कडेचा जरा करपलेला तुकडा उचलला आणि गुरुपादप्पांच्या फोटोपुढं ठेवला. "घ्या. आता न्हाई म्हणत न्हाई मी."  मग थाळीतून कडेचाच दुसरा तुकडा उचलून तिनं तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "खरं म्हणत होते. चव कडेलाच हाय."

मित्रांनो, मी आता ओट्यावर खिडकीजवळ असतो. तुमच्याही माळ्यावर कोणाच्या आठवणीसाठी लुगड्यात बांधून ठेवलेलं काहीतरी असेल. तेवढं खाली काढा, पुसा, वापरा. वायर ओली ठेवू नका आणि झाकण आपटू नका, एवढंच मागणं आहे. बाकी बाळ आल्यावर त्याला कडेचा तुकडा हवा झाला, तर काळजी नाही. मी गोल आहे, माझ्याकडं कडेला तोटा नाही.