चाकांवरच्या घरातला तिरपा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. दचकू नका, माणसाचा नाही, टेबलाचा. तोही चारचौघांसारखा सरळ उभा नसतो. जीपच्या मागे जोडलेल्या एका फिरत्या घरात, खिडकीखालच्या टेबलाला तिरपा टेकू देऊन मी उभा असतो. माझं बोलणं जरा घाईचं वाटेल, ते मनावर घेऊ नका. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

माझा जन्म एका काताऱ्याच्या दुकानात झाला. सागवानी ठोकळा यंत्रावर बसवून त्याने मला गरगर फिरवलं आणि पटाशीने माझी मान, माझं पोट, माझा घोटा कोरून काढला. त्या फिरण्याची मला इतकी गोडी लागली की वाटलं, आता आयुष्यभर असंच! पण यंत्र थांबलं. आम्हा चौघा भावांना एका लांबलचक टेबलाखाली ठोकलं आणि एका वाचनालयात नेऊन उभं केलं.

तिथे मी कित्येक वर्षं काढली. लोक आमच्या टेबलावर देशोदेशीचे नकाशे पसरत, बोट फिरवत समुद्र ओलांडत. माझ्या डोक्यावर सारं जग आणि खाली मात्र तीच एक फरशी! "काय दणकट टेबल आहे हो," असं लोक म्हणत, तेव्हा माझे भाऊ फुशारून जात. मी मात्र मनातल्या मनात चुळबुळत असे. वाचता वाचता कोणी नकळत पाय हलवू लागलं, की त्याच्या बुटाचा ठेका माझ्या अंगावर बसे. तेवढीच काय ती माझी करमणूक.

पुढे वाचनालयात लोखंडी टेबलं आली आणि आमची रवानगी अडगळीत झाली. अंगावर धूळ, वर रद्दीचे गठ्ठे. शेवटी एका सुताराने आम्हाला लाकूड म्हणून उचललं. टेबलाच्या फळ्यांचं कपाट झालं, दोघे भाऊ कुणाच्या तरी जिन्याच्या कठड्यात गेले, तिसऱ्याला भेग होती म्हणून त्याच्या खुंट्या झाल्या. मी एकटा कामाच्या खोलीत कोपऱ्यात उरलो. कधी खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून, कधी उंदीर दिसला की त्याच्यावर उगारायला. सागवानी पायाच्या नशिबी हेही होतं.

हा सुतार घरांची कामं करणारा होता. दारं, खिडक्या, जिने यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कानामागे पेन्सिल आणि तोंडाला कुलूप. त्याची बायको कपडे शिवायची, आणि तिचे वडील त्यांच्याजवळच राहायचे. त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. बाबा पोस्टमन होते. उभी हयात त्यांनी पायी टपाल वाटलं, आणि म्हातारपणी उजव्या गुडघ्याने असा दगा दिला की ऑपरेशननंतर तो वाकेचना. पाय सदा काठीसारखा ताठ. तरी बाबा दिवसभर खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत फेऱ्या घालत. जित्याची खोड! खरं सांगतो, त्या घरात मला आपला वाटणारा माणूस तेवढा एकच होता.

मग सुताराला लांबचं काम मिळालं. एक वसाहत बांधून झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. काम जिथे जाईल तिथे आपणही जायचं, म्हणून त्याने एक जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं एका खोलीचं घर. मागच्या बाजूला नवरा-बायकोचा पलंग, मध्ये शेगडी आणि बेसिन, पुढे समोरासमोर दोन बाकं आणि त्यांच्यामध्ये टेबल. टेबलाची एक कड खिडकीखालच्या पट्टीत अडकायची. रात्री टेबल खाली उतरवून बाकांच्या पातळीला आणायचं, वर गाद्या पसरायच्या, की झाला बाबांचा पलंग. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. सगळं ठरलं होतं.

घोडं अडलं ते टेबलापाशी. ते दोन लोखंडी पाइपांवर उभं होतं, एक खिडकीकडे, एक वाटेकडे, म्हणजे ट्रेलरमधून ये-जा करायच्या बाजूला. बाबा बाकावर बसायला गेले की त्यांचा ताठ पाय नेमका वाटेकडच्या पाइपावर आपटायचा. डावीकडून झालं, उजवीकडून झालं, एकदा तर ते असे अडकले की लेक आणि जावई दोघांनी मिळून ओढून काढलं. बाबा हसत म्हणाले, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. आमचा पाय कायमचा पसरलेला, आता तुम्ही अंथरूण शोधा." मग हसू आवरून म्हणाले, "माझं काय, तुम्ही जा. मी थोरल्याकडे राहीन."

थोरला म्हणजे त्यांचा मुलगा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. लेक त्या दिवशी कामाच्या खोलीत येऊन नवऱ्याला म्हणाली, "बाबा एकदा ते जिने चढले ना, की परत खाली उतरणार नाहीत. पायाखाली रस्ता नसेल तर ते वर्षभरसुद्धा टिकायचे नाहीत. तुला काय करायचं ते कर, पण त्या टेबलाचा पाय बदल." सुताराने कानामागची पेन्सिल काढली.

तेव्हापासून पायांची निवड सुरू झाली. आधी त्याने घडीच्या टेबलाचे दुमडते पाय लावून पाहिले. पहिल्याच खड्ड्याला ते आपणहून दुमडले आणि दोन कपबश्या कामी आल्या. मग टेबल छताला साखळीने टांगायचा विचार झाला. "जेवायचं की झोके घ्यायचे?" असं बायकोने विचारल्यावर तो बारगळला. पाय अजिबात नको म्हणावं, तर नुसत्या पट्टीवर टेबल तोललं जाईना. सुताराच्या नाकी नऊ आले. आणि मी? मी कोपऱ्यात उभा राहून तडफडत होतो. अरे, इकडे बघ की! चाकांवरचं घर आणि मला इथे उंदीर मारायला ठेवतोस?

अखेर त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उचललं, वजन पाहिलं, नखाने टिचकी मारली.

"हा तिरपा लावला तर?" तो बायकोला म्हणाला. "खालचं टोक खिडकीच्या भिंतीच्या पायथ्याशी बिजागरीने बसवायचं. वरचं टोक टेबलाखाली, वाटेकडच्या कडेजवळ. मधली सगळी जागा मोकळी."

"आणि रात्री टेबल खाली घ्यायचं तेव्हा?"

"वरचं टोक खाचेतून काढायचं आणि पाय भिंतीला लगटून आडवा करायचा."

मी तर एका पायावर तयार होतो! तिरपं उभं राहायचं, म्हणजे माझी दोन्ही टोकं तिरकी कापावी लागणार, मानेवरची नक्षी जाणार, हे कळत होतं. कळूनही माझ्या मनात एकच होतं, की आता चाकं फिरणार.

पण मित्रांनो, उतावळेपणा वाईट. तो मला होता आणि सुतारालाही होता. ट्रेलर अंगणात उभा होता. खिडकीकडचं चाक मऊ मातीत रुतलं होतं, त्यामुळे सगळं घरच किंचित त्या अंगाला कललेलं होतं. सुताराने टेबल पट्टीत अडकवलं, वर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे पातळी पाहायचं साधन, त्यात काचेच्या नळीत हवेचा एक बुडबुडा असतो. तो बरोबर मध्ये येईपर्यंत त्याने टेबलाची वाटेकडची कड खाली घेतली, तिथे माझं माप धरलं आणि करवत चालवली. जन्मभर त्याने जागच्या जागी उभ्या असणाऱ्या घरांत काम केलं होतं. जमीन वाकडी असेल अशी शंका त्याला आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर सपाट रस्त्यावर आणला. बाबा काठी टेकत आत आले, बाकावर बसले, आणि त्यांचा ताठ पाय टेबलाखाली असा सरकला, जसं पत्र पेटीत सरकावं! लेकीचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने चहाचा ग्लास बाबांपुढे ठेवला. ग्लास जरा थांबला आणि मग हळूहळू वाटेकडे निघाला. सगळे आ वासून बघत राहिले आणि चहा सुताराच्या बुटांवर पडला.

मी चांगला दोन बोटं तोकडा होतो. जास्त असतो तर पुन्हा कापता आलं असतं, पण कापलेलं लाकूड परत वाढत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी आपला म्हणत होतो, त्याच माणसाची वाट माझ्यामुळे बंद झाली होती.

बाबा मोठ्याने हसले आणि घरात गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "उद्या सकाळी ये. गाडी घेऊनच ये. सामान काय, एक पिशवी आहे."

शिवणयंत्राचा आवाज थांबला. लेक बाहेर आली.

"ऐकलंस?"

"त्यांनाच यायचं नाहीये," सुतार म्हणाला.

"असं ते म्हणतात. तू ऐकतोस कशाला?"

सुतार माझ्या डोक्यावर ठोकायला लाकडाचा तुकडा शोधू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि वैतागून म्हणाली, "हा तुकडा आजच्यापुरता. उद्या दुसरीकडे थांबू, तिथे उतार उलटा असला म्हणजे? ट्रेलर सपाट करायचे कोपऱ्यातले जॅक तर गंजून बसलेत. दर मुक्कामी नवी जमीन आणि पाय मात्र एकाच मापाचा. असे किती तुकडे ठोकत बसशील?"

सुताराचा हात थांबला. मग त्याने तुकडा फेकून दिला आणि भंगाराचा डबा उपडा केला. त्यातून एक जाडजूड स्क्रू, त्याला बसणारा नट आणि जुन्या व्हॉल्व्हचं एक गोल चाक निघालं. माझ्या कापलेल्या डोक्यात त्याने भोक पाडलं, नट ठोकून बसवला, त्यात स्क्रू घातला. चाक एकीकडे फिरवलं की मी लांब होई, दुसरीकडे फिरवलं की आखूड. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण इतकी वर्षं लाकूड म्हणून जगल्यावर त्या दिवशी प्रथमच मला वाढता येऊ लागलं.

सकाळी बाबा पिशवी घेऊन ओट्यावर बसले होते. सुतार पाणसळ हातात घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"बाबा, एक अडचण आहे."

"आता कोणती?"

"तो पाय रोज जुळवावा लागणार. गाडी थांबली की, आणि रोज सकाळी टेबल वर घेतलं की, बुडबुडा बघायचा आणि चाक फिरवायचं. मी पोचलो की कामावर पळणार. हिचं शिवणयंत्र त्याच टेबलावर. टेबल कललं तर शिवण वाकडी जाईल. एक माणूस लागेल."

"म्हणजे मला नोकरीवर ठेवतोस?"

"पगार नाही."

"पोस्टातला तरी कुठे कुणाला दिसत होता!" बाबा म्हणाले. मग त्यांनी पिशवी बाजूला सारली. पाणसळ हातात घेऊन ते बुडबुडा इकडून तिकडे नाचवून बघू लागले. मित्रांनो, त्यांना यायचं होतं. फार यायचं होतं. ओझं व्हायचं नव्हतं, एवढंच.

थोरला आला तेव्हा बाबा ट्रेलरमध्ये बाकावर बसून, जीभ दातांत धरून माझं चाक फिरवत होते. बुडबुडा मध्ये आला. त्यांनी वर चहाचा ग्लास ठेवला. तो तसूभर हलला नाही.

"बाबा, चलायचं ना?" थोरल्याने दारातून विचारलं.

"चहा घे," बाबा म्हणाले. "पण उभ्यानेच घे. आम्ही निघतोय."

तेव्हापासून आम्ही फिरतो आहोत. खड्ड्यांत माझी बिजागरी करकरते, स्क्रू खडखडतो, दोन महिने एका जागी राहिलो की मी पुन्हा अस्वस्थ होतो. माझ्या स्क्रूला अधूनमधून तेल लागतं, आणि ते दिलं नाही तर मी कुरकुरतो. तुमच्याकडेही जुन्या वस्तू असतील. मापात एखादी थोडी कमी पडली म्हणून लगेच भंगारात टाकू नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस "माझं काय, तुम्ही जा" असं म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्यावाचून खरंच अडेल असं काम त्याच्या हाती द्या.

कालचीच गोष्ट. सुतार कामावरून लवकर आला. ट्रेलर नुकताच नव्या जागी हलवला होता, टेबल कललं होतं, बाबांचा डोळा लागला होता. त्याने हळूच टेबलाखाली हात घातला आणि माझं चाक धरलं. तेवढ्यात काठीचा फटका त्याच्या मनगटावर बसला.

"हात काढ," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "ते माझं काम आहे."